नाकासमोर पश्चिमेला दीव

बुलढाण्याचा अक्षांश 20.5 अंश उत्तर आणि दीवचा 20.7. म्हणजे आमच्या गावातून कुणी पश्चिम धरून नाकासमोर निघाला, तर चाळीसगाव, मालेगावच्या अंगाने जात दमणच्या आसपास समुद्राला लागेल. तसाच पुढे गेला तर दीवच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरून जाईल. सगळं मिळून साधारण साडेपाचशे किलोमीटर. हे अंतर काढायची बुलढाण्यात कुणाला गरज पडली नसेल. मला पडली, कारण गेली दहा वर्षं मी घरी बसून समुद्रावरच्या लढाया रचतो.

माझी नोकरी जमीनमोजणीची. लागलो तेव्हा हातात साखळी होती, 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. पुढे ईटीएस मशीन आलं, मग रोव्हर आला आणि साखळी ऑफिसच्या कपाटात गेली. पण काम तेच राहिलं. दोन भावांचं भांडण, मध्ये बांध, आणि दोघांनाही शंभर टक्के खात्री की बांध दुसऱ्याने सरकवला. पहिल्या वर्षीच एका वरिष्ठांनी सांगून ठेवलं होतं की दोन्ही बाजूंनी बांधावर चालून आल्याशिवाय साखळी टाकायची नाही. ते वाक्य लढायांच्या कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

2014 च्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला. त्याने माझ्या संगणकावर एक खेळ टाकून दिला, ‘कमांड’ नावाचा. तो आदल्याच वर्षी बाजारात आला होता. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष ‘हार्पून’. अमेरिकी नौदलात काम केलेल्या लॅरी बाँडने तो 1980 मध्ये कागद आणि फाशांवर आणला. टॉम क्लॅन्सीने आपल्या कादंबरीतल्या लढाया त्यावर खेळून पाहिल्या होत्या. ‘कमांड’मध्ये धडाम-धुडूम काही नाही. जगाचा नकाशा, त्यावर चिन्हं, चिन्हांभोवती रडारच्या पल्ल्याची वर्तुळं. बायकोने मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “ऑफिसचंच काम घरी आणलं का?” तिचं फार चुकलं नव्हतं.

खेळण्यापेक्षा मला त्यातला एडिटर आवडला. रिकामा समुद्र समोर येतो. तारीख टाकायची, वेळ टाकायची, हवामान ठरवायचं. मग बाजू उभ्या करायच्या, प्रत्येकीला जहाजं, विमानं, तळ द्यायचे. कोणी कोणाला शत्रू मानायचं ते लिहायचं. रडार चालू की बंद, गोळीबार कधी करायचा, इंधन किती उरल्यावर परत फिरायचं, हेही ठरवावं लागतं. शेवटी दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळं ब्रीफिंग लिहायचं, म्हणजे त्या सेनापतीला त्या सकाळी काय माहीत होतं ते. खरी गोम या शेवटच्या कामात आहे, पण हे मला कळायला दोन वर्षं लागली.

पहिली लढाई अर्थातच कराची. 4 डिसेंबर 1971 ची रात्र, ऑपरेशन ट्रायडंट. निपात, निर्घात, वीर या तीन क्षेपणास्त्र नौका, सोबत किल्तान आणि कच्छल या युद्धनौका, नेतृत्व कमांडर बब्रुभान यादवांचं. ओसा जातीच्या या रशियन नौका मुळात बंदराच्या राखणीसाठी बनवलेल्या. वेगवान, पण पल्ला आखूड, म्हणून त्यांना मोठ्या जहाजांमागे बांधून लांब ओढत न्यायची युक्ती नौदलाने काढली होती. प्रत्येकीवर स्टिक्स क्षेपणास्त्रं चार, मारा साधारण 40 किलोमीटरचा. मी सगळं जसं घडलं तसं मांडलं. खेळाडू भारताकडून. नौका आल्या, क्षेपणास्त्रं सुटली, पाकिस्तानचं खैबर बुडालं, मुहाफिज बुडालं, कराचीच्या केमारी बंदरातल्या तेलटाक्या पेटल्या. मी तीनदा खेळलो आणि तिन्हीदा जिंकलो. मला फार भारी वाटलं.

याच सुमारास चिखली रस्त्यावरच्या एका गावात मोजणीला गेलो होतो. अर्जदार नौदलातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस. 1974 मध्ये भरती होऊन पंधरा वर्षं वाफेवरच्या जहाजांवर स्टोकर म्हणून काढलेली. त्यांचा भावाशी बांधाचा वाद. मोजणीत बांध भावाच्या बाजूने बरोबर निघाला, म्हणजे हेच हरले. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “चहा घ्या साहेब. तुम्ही त्याच्या धुऱ्यावरूनही चालले, हे मी पाह्यलं.” तेव्हापासून आमची ओळख. मी त्यांना भाऊ म्हणतो.

भाऊंना मी कराचीची लढाई दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “हा सिनेमा झाला साहेब. त्याइले काय दिसत होतं ते दाखवा ना.”

त्याइले, म्हणजे पलीकडच्यांना. मी पाकिस्तानची बाजू घेऊन बसलो आणि तासाभरात घाम फुटला. दक्षिणेकडून काही ठिपके येतात. ते व्यापारी जहाजं असतील, मच्छीमार असतील किंवा आणखी काही. रात्र आहे, विमान पाठवून पाहायची सोय नाही. मग मी पुस्तकं धुंडाळली. खैबरवरच्या लोकांना पहिला तडाखा बसला तेव्हा त्यांना तो विमानहल्ला वाटला होता. येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या उजेडावर त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या आणि मुख्यालयाला विमानहल्ल्याचा संदेश पाठवला, तोही चुकीच्या ठिकाणाचा. त्याहून मोठी गोष्ट दोन दिवसांनी घडली. 6 डिसेंबरला पाकिस्तानी हवाईदलाने आपल्याच झुल्फिकार जहाजाला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून त्याच्यावर हल्ला केला. हे वाचलं त्या दिवशी मी माझी जुनी फाइल पुसून टाकली.

नवी फाइल केली तेव्हा समुद्र आधी भरून घेतला. व्यापारी जहाजं, गलबतं, सौराष्ट्राच्या मच्छीमार नौका सगळीकडे पेरल्या. त्या ट्रायडंटच्या रात्री व्हीनस चॅलेंजर नावाचं मालवाहू जहाजही बुडालं होतं, ते लक्षात ठेवून खेळणाऱ्याने बटण दाबायच्या आधी विचार करावा म्हणून. या खेळात माशांचे थवे आणि देवमासेही ठेवता येतात, सोनारवर ते पाणबुडीसारखे वाजतात. मी तेही ठेवले. भाच्याने खेळून पाहिलं आणि फोनवर वैतागला: “मामा, याच्यात काहीच कळत नाहीये!” मला बरं वाटलं.

मग आलं खुकरीचं प्रकरण. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. सोबत दुसरी फ्रिगेट कृपाण होती. हँगोर फ्रेंच बनावटीची, डॅफ्ने वर्गातली. तिचा पहिला टॉर्पेडो वाया गेला, दुसरा खुकरीला लागला आणि जहाज काही मिनिटांत गेलं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

ही लढाई जशीच्या तशी मांडण्यात अर्थ नव्हता. मला ‘असं झालं असतं तर’ करायचं होतं. भारताची विमानवाहू नौका विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. 4 डिसेंबरला तिची सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगावावर गेली होती. मी म्हटलं, समजा विक्रांत अरबी समुद्रात आणली तर? तिच्यावर पाणबुड्या शोधणारी अलिझे विमानं होती. हँगोर सापडली असती का? मी आठ दिवस खपून सिनॅरिओ केला, म्हणजे ही लढाई एडिटरमध्ये रचली. अलिझे उडाली, पाण्याखालचा आवाज ऐकणाऱ्या बोयांची रांग टाकली, हँगोर सापडली, बुडाली, खुकरी वाचली. चारदा खेळलो, चारही वेळा वाचली.

भाऊंना दाखवलं. ते पुन्हा तेच, चष्मा लावून. मग म्हणाले, “तिचा बॉयलर फुटेल होता ना त्या साली?”

होता. 1971 मध्ये विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले होते. त्यामुळे तिचा वेग कमी झाला होता, आणि विमानवाहू नौकेला वेग केवळ पळायला लागत नाही. विमान उडवताना नौका वाऱ्याच्या तोंडावर धरून पळवतात, म्हणजे वारा आणि वेग मिळून विमानाच्या पंखाला उचल मिळते. वारा पडलेला आणि बॉयलर आजारी असला, तर विमान डेकवरच बसतं. मला हे वाचून माहीत होतं. पण सिनॅरिओत घेतलं नव्हतं, कारण घेतलं असतं तर खुकरी वाचली नसती. भाऊंनी नंतर जे सांगितलं ते पुस्तकात कुठे नाही. बॉयलररूममध्ये उकाडा किती असतो, तडा गेलेल्या बॉयलरच्या शेजारी ड्यूटी लागली की माणूस ज्या बाजूला शिडी आहे त्याच बाजूला कसा उभा राहतो. “तुमच्या स्क्रीनवर विक्रांत एक टिंब आहे साहेब. आमच्यासाठी तिथं खाली पोरं होते.”

मग वेगाला कात्री लावली. वाऱ्याचा नियम ब्रीफिंगमध्ये लिहिला: वारा अमुक नॉटच्या खाली असेल तर सी हॉक उडवायचं नाही, खेळाडूने प्रामाणिकपणे पाळावं. शिवाय पाण्याचा थर घेतला. याची गंमत मला भाऊंनीच विहिरीच्या काठावर समजावली. वैशाखात विहिरीत सूर मारला की वरचं हातभर पाणी कोमट लागतं आणि खाली एकदम थंड. समुद्रातही तसंच, फक्त तो सांधा कित्येक मीटर खोल. आवाज त्या सांध्यावर वाकतो. पाणबुडी सांध्याखाली गेली की वरच्या जहाजाचं सोनार अर्धं आंधळं होतं. वऱ्हाडात पोहायला शिकलेल्या कुठल्याही पोराला हे दोन मिनिटांत समजेल, आणि मी दोन वर्षं तो आकडा एडिटरमध्ये जसा होता तसाच सोडून देत होतो.

आता खुकरी कधी वाचायची, कधी बुडायची. कधी हँगोर सापडायची आणि तरी निसटायची. एकदा तर विक्रांतच टॉर्पेडोसमोर आली, आणि कराचीच्या बाजूने खेळणारा मीच होतो. त्या रात्री जेवण नीट गेलं नाही. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

गुणांचा प्रश्न मात्र सुटला नाही. अशा खेळात प्रत्येक जहाजाला गुण द्यावे लागतात. पाणबुडी बुडवली तर इतके, फ्रिगेट गमावलं तर उणे तितके. मी खुकरीला उणे 200 दिले होते, हँगोरला अधिक 300. भाऊंनी विचारलं, “दोनशे काहून?” मी म्हटलं, लहान फ्रिगेट आहे, त्या मानाने. त्यावर ते काही बोलले नाहीत. नंतर लक्षात आलं की गेलेली माणसं 194 होती, आणि माझा आकडा योगायोगाने त्याच्याजवळच पडला होता. तेव्हापासून गुण 200 च आहेत, पण गेलेली माणसं 18 अधिक 176 अशी दोन्ही बाजूंच्या ब्रीफिंगमध्ये पहिल्या ओळीत लिहिलेली असतात. खैबरवरही दोनशेहून जास्त माणसं गेली होती. कराचीच्या सिनॅरिओतही तसंच केलं.

2019 चा फेब्रुवारी आला. 14 तारखेला पुलवामा झालं. आमच्या जिल्ह्यातले दोन जवान त्यात गेले, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. दुकानं बंद, रस्त्यावर माणसंच माणसं. 26 ला बालाकोट झालं, 27 ला हवेत चकमक. मार्च उजाडायच्या आत दोन-तीन तरुण घरी आले. त्यांना माझा छंद ठाऊक होता. “काका, बालाकोटचा सिनॅरिओ करा ना, आपण खेळू.” मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मी भावनेपोटी नाही म्हणतोय. तेही थोडं होतं. पण मुख्य कारण कामाचं होतं. त्या दोन दिवसांत कुठल्या बाजूला नेमकं काय दिसत होतं, कोणाचं विमान कुठे होतं, हे बाहेर कुणालाच धड माहीत नव्हतं. दोन्ही देश वेगवेगळं सांगत होते. एकाच बाजूच्या बांधावरून चालून नकाशा काढायचा असेल तर मोजणीदार कशाला लागतो? ज्याचं शेत त्यानेच काढावा. पोरं नाराज होऊन गेली. त्यातला एक पुढे वर्षभराने परत आला आणि आता आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू आहे. त्याला कृपाण दिली की ती कधी बुडत नाही.

आमची ही खेळणारी मंडळी जमायला लागली ती एका वादळामुळे. मृगाच्या आधीचा वळवाचा पाऊस, तारा तुटल्या, वीज दोन दिवस नाही. चौघं घरी आलेले, लॅपटॉपची बॅटरी संपलेली. तेव्हा मला लिव्हरपूल आठवलं. 1942 मध्ये जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजं बुडवत होत्या. तेव्हा ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूलला एक छोटं केंद्र काढलं. प्रमुख कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स, आणि काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली, नौदलाच्या महिला शाखेतल्या. एका मोठ्या खोलीची फरशी म्हणजे समुद्र. त्यावर खडूच्या रेषा आणि लाकडी जहाजं. शिकायला आलेले अधिकारी कापडी पडद्यांआड उभे राहायचे. पडद्याला फटी, आणि फटीतून दिसायचं तेवढंच त्यांना माहीत. दर चाल दोन मिनिटांची. या मुलींनी पाणबुड्यांचे डाव फरशीवर उलगडले आणि त्यावरचे उतारे शोधले. पुढे ते अटलांटिकमध्ये वापरले गेले. त्यातल्या काहींचं वय वीसच्या आतबाहेर होतं आणि त्यांनी समुद्रावर कधी जहाज हाकलं नव्हतं, हे मला विशेष आवडतं. माझी बाजू थोडी भक्कम होते.

आम्ही अंगणात रांगोळीने चौकटी आखल्या, एक चौकट दोन सागरी मैल. सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, अक्षांशाचा एक मिनिट. मोजणीतल्या माणसाला हे माप फार आवडण्यासारखं आहे, कारण ते पृथ्वीवरूनच घेतलेलं आहे. खुकरी आणि कृपाण काडेपेट्यांची. हँगोर दिसायलाच नको, म्हणून ती फक्त माझ्या वहीत. दोन बाजा आडव्या उभ्या केल्या, त्यांवर चादरी टाकल्या आणि चादरींना फटी ठेवल्या. भाऊ हँगोरचे कप्तान. ते ओसरीवर पाठ करून बसले. मी धावत जाऊन कानात सांगायचो, “उत्तरेला पंख्याचा आवाज, दोन जहाजं, सावकाश चाललीत.” ते विचार करून आकडा सांगायचे. दोन मिनिटांची चाल खरी दहा मिनिटांची व्हायची. शेजारची मंडळी भिंतीवरून पाहत होती. लग्नाची तयारी आहे असं त्यांना वाटलं असावं.

नवव्या चालीला भाऊंनी टॉर्पेडो सोडला. कृपाण चुकवली, खुकरीला लागला. अंगणात कुणी टाळी वाजवली नाही. भाऊ उठले, काडेपेटी उचलून खिशात घातली आणि म्हणाले, “आता चहा करा.”

आमच्या जिल्ह्याचं समुद्राशी काय नातं, असं लोक विचारतात. मी त्यांना सिंदखेडराजा दाखवतो. ज्या जिजाऊंच्या मुलाने मराठ्यांचं आरमार उभं केलं, त्यांचं माहेर इथलं. हा युक्तिवाद ताणलेला आहे हे मला कळतं, पण गप्पांत चालून जातो. खांदेरीचाही सिनॅरिओ करायची इच्छा आहे, 1679 चा, मायनाक भंडारी आणि दौलतखान एका बाजूला, इंग्रजांची जहाजं दुसऱ्या बाजूला. पण ‘कमांड’मध्ये शिडाची लढाऊ जहाजं नाहीत, आणि वल्ह्यावरची गलबतं तर नाहीच नाहीत. तो कागदावरच करावा लागेल.

निवृत्त झाल्यावर भाऊंना घेऊन दीवला गेलो. चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेत ठेवलेली जहाजाची प्रतिकृती. भाऊंनी काचेला बोट लावलं, जहाजाच्या मध्याच्या थोडं मागे. “बॉयलर इथं,” एवढंच म्हणाले. मी पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. बुलढाणा त्या दिशेला, किंचित उजवीकडे. पाण्यावर मच्छीमारांच्या नौका होत्या. मी मोजल्या, अठ्ठावीस भरल्या. माझ्या सिनॅरिओत बाराच होत्या. घरी आल्यावर तो आकडा आधी दुरुस्त केला.

आता ती फाइल तेविसाव्या आवृत्तीवर आहे. वहीतल्या नोंदीप्रमाणे एकोणचाळीस डाव झाले. खुकरी सतरा वेळा वाचली आणि बावीस वेळा गेली. पुढचा डाव 4 डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता, माझ्या अंगणात, वीज असली तरी अंगणातच. भाऊ या खेपेला कृपाणवर आहेत. हँगोर माझ्याकडे आहे.